120 मोहरा आणि दोन हात

शिलेदार आणि बारगीर यांतला फरक आपण शाळेत कधीतरी पाठ केलेला असतो. बारगिराला घोडा-हत्यार सरकारातून मिळायचं, शिलेदार स्वतःचं घेऊन हजर व्हायचा. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रंगवायच्या खेळात पहिल्या पातळीचं पात्र उभं करताना याच दोन वाटा असतात. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकात फायटर (योद्धा) घेतला की चिलखत, तलवार, ढाल, क्रॉसबो आणि सामानाची तयार गाठोडी असं सगळं आयतं मिळतं. ही बारगिरी. किंवा चार बाजूंचे पाच फासे टाकायचे, बेरजेला दहाने गुणायचं आणि तेवढ्या सोन्याच्या नाण्यांत बाजार करायचा. ही शिलेदारी.

हिशेबाने बारगिरी फायद्याची आहे. फायटरला आयत्या मिळणाऱ्या सामानाची किंमत मांडली तर ती 138 नाण्यांपर्यंत जाते आणि फाशांची सरासरी पडते 125. तरीही मी नव्या माणसाला फासेच टाकायला लावतो. आयतं मिळालेलं सामान कुणी वाचत नाही, स्वतः विकत घेतलेलं मात्र तोंडपाठ असतं.

हे प्रकरण माझ्या मावसबहिणीच्या पहिल्या पात्राचं आहे. ती बँकेत कर्ज विभागात आहे आणि कुठलाही कागद ती प्रकरण मंजूर करायचं आहे अशाच नजरेनं वाचते. ठाण्याला आमच्या घरी रविवारी संध्याकाळी डाव बसतो, डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम सांभाळणारा, मी. बाकीचे तिघं असे: माझी बायको हाफलिंग या बुटक्या जमातीची रोग, म्हणजे लपूनछपून वार करणारी; माझा एक ट्रेकर मित्र एल्फ जमातीचा विझार्ड, म्हणजे जादूगार; आणि शेजारचे काका ड्वार्फ या ठेंगू जमातीचे बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा. काका निवृत्त आहेत आणि कुऱ्हाड चालवायला मिळते म्हणून येतात. बरं करण्याची विद्या असलेलं पात्र कुणीच घेतलेलं नव्हतं. हे पुढे महागात पडलं.

मोहीम छोटी. गावापासून दोन दिवसांच्या चालीवर चांदीची बंद पडलेली खाण. तोंडाशी सरळ खाली जाणारी विहीर, आत कोबोल्डांनी, म्हणजे सरड्यासारख्या बुटक्या प्राण्यांनी, घर केलंय अशी वदंता. गावातल्या म्हाताऱ्याच्या तोंडी मी एक वाक्य घातलं होतं: "दहा पुरुष खोल हाय." पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीइतकी खोली, आपल्याकडे विहिरी अशाच मोजायचे. म्हणजे साधारण 60 फूट. सगळ्यांनी ऐकलं, हसले, पुढे गेले.

बहिणीचं पात्र मानवी फायटर. ताकद 16, चपळाई 14, हिट पॉइंट (मार सोसायची क्षमता) 12. फाशांची बेरीज 12 आली, म्हणजे 120 सोन्याची नाणी. आमच्या टेबलावर सोन्याला मोहर म्हणतात. दहा तांब्याची एक चांदी, दहा चांदीची एक मोहर.

तिची पहिली यादी अर्ध्या मिनिटात तयार झाली. कड्यांचं पूर्ण चिलखत 75, लांब तलवार 15, ढाल 10, प्रवाशाचं तयार गाठोडं 10. उरल्या 10 मोहरा, त्यांचे पाच खंजीर. "झालं दादा. पूर्ण रक्कम वापरली."

मी वजनाचा रकाना भरायला सांगितला. चिलखत 55 पाउंड, ढाल 6, तलवार 3, खंजीर 5 आणि गाठोडं तब्बल 59. त्या गाठोड्यात दहा दिवसांचा शिधा (20 पाउंड), दहा मशाली, दोर, अंथरुण, पाण्याची छागल असं बरंच असतं. गंमत म्हणजे अंथरुण आणि दोर सॅकला बाहेरून बांधला, छागल खांद्याला लावली, तरी आत 32 पाउंड उरतात आणि सॅकची क्षमता आहे 30. पुस्तकाने स्वतःच्याच गाठोड्याचं वजन कधी केलेलं दिसत नाही.

एकूण 128 पाउंड, म्हणजे 58 किलो.

ट्रेकर मित्र खुर्चीतून पुढे झाला. "अगं, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर 12 किलोची सॅक घेऊन चढलो होतो, तर वर पोचल्यावर माझं नाव मला आठवत नव्हतं."

मूळ नियमाप्रमाणे तिला काहीच अडचण नव्हती. ताकदीच्या पंधरापट, म्हणजे 240 पाउंड ती उचलू शकते. पण मी पुस्तकातला पर्यायी नियम लावतो: ताकदीच्या पाचपटीपेक्षा जास्त वजन झालं की चाल दहा फुटांनी कमी. दहापटीपेक्षा जास्त झालं तर चाल वीस फुटांनी कमी आणि हाणामारीत फाशावरही मार. तिची पहिली मर्यादा 80. म्हणजे 128 पाउंड घेऊन ती 30 ऐवजी 20 फूट चालणार, आणि आखूड पायांचा ड्वार्फ तिच्यापुढे 25 ने. काकांना हे फारच आवडलं.

इथून खरा बाजार सुरू झाला.

चिलखतावर ती अडून बसेल असं वाटलं होतं, पण आकडे तिनेच काढले. पूर्ण चिलखताने एसी, म्हणजे वार लागायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा, 16 मिळतो, चपळाई काही असो. खवल्यांच्या चिलखतात 14 अधिक चपळाईचे जास्तीत जास्त 2. तिची चपळाई 14, म्हणजे जादा अंक 2 आणि बेरीज तेवढीच 16, मात्र किंमत 50 आणि वजन 45. "मग 75 वालं कोण घेतं?" तिने विचारलं. ज्याची चपळाई 10 आहे तो. तयार संचात एकतर हे पूर्ण चिलखत मिळतं, नाहीतर चामड्याचं आणि सोबत धनुष्य; खवल्यांचं मिळतच नाही. तिसरा पर्याय होता कड्यांचा नुसता सदरा: एसी 15, किंमत 50, वजन फक्त 20, आणि चालताना खणखणाट नाही. बाकी दोन्हींत लपायच्या प्रयत्नाला दोनदा फासा टाकून कमी आकडा धरावा लागतो. एक अंक सोडला की 25 पाउंड आणि शांतता मिळते. तिने सदरा घेतला. मीही तोच घेतला असता.

तलवार सोडताना तिला जास्त वाईट वाटलं. लांब तलवार आठ बाजूंच्या फाशाची, भाला सहा बाजूंच्या. सरासरीत फरक एका अंकाचा, किमतीत फरक 14 मोहरांचा, कारण भाला एका मोहरेला मिळतो. शिवाय तो फेकताही येतो. तिने एकहाती शस्त्राला दोन अंक जादा देणारी शैली निवडली होती आणि 16 च्या ताकदीचे जादा तीन अंक होतेच. म्हणजे भाला लागला की सर्वांत वाईट फाशावरही 6 चा घाव. सामान्य कोबोल्डाचे हिट पॉइंट असतात 5. तलवारीचा तो जादा अंक कोबोल्डाच्या प्रेतावर खर्च झाला असता. तिला हे ठाऊक नव्हतं, मला होतं, आणि डीएम असल्यामुळे मी गप्प बसलो. तिने भाला घेतला तो निव्वळ स्वस्त म्हणून. जोडीला फेकायला तीन बरच्या दीड मोहरेला आणि एक खंजीर दोन मोहरांना.

नव्या खेळाडूंना सामान निवडायला बसवलं की सगळे किंमत पाहतात, थोडे वजन पाहतात आणि हात कुणीच मोजत नाही. एका हातात भाला, दुसऱ्या हातात ढाल. मशाल कशात धरणार? हा प्रश्न मी विचारला तेव्हा तिने सहज उत्तर दिलं, "दुसरं कोणीतरी धरेल की." मग आम्ही टेबलाभोवती हात मोजले. काकांची कुऱ्हाड दोन हातांची. बायकोच्या रोगला लघुधनुष्य दोन हातांनी, आणि तिचं म्हणणं रास्त होतं: "अंधारात लपायचं माझं काम. मीच दिवा घेऊन फिरू?" उरला विझार्ड. त्याच्याकडे प्रकाशाची कॅन्ट्रिप (हवा तितक्यांदा वापरता येणारा साधा मंत्र) असती तर तिच्या ढालीवरच उजेड पाडता आला असता आणि विषय संपला असता. पण एल्फ अंधारात 60 फूट पाहतो, म्हणून चारांपैकी एकही कॅन्ट्रिप त्याने उजेडाची घेतली नव्हती.

"मला दिसतं ना," तो म्हणाला.

"आम्हाला नाही दिसत, भाऊजी," बायको म्हणाली. मानव आणि हाफलिंग, दोघींना अंधारात काहीच दिसत नाही.

ठरलं असं की कंदील विझार्डच्या डाव्या हातात. मंत्राच्या खुणा आणि साहित्य दोन्हीला एकच हात पुरतो, त्यामुळे उजवा मोकळा राहिला की त्याचं काम चालतं. झाकणाचा कंदील 5 मोहरांना, तेलाची कुपी एका चांदीला. मशाल एका तांब्याला मिळते, तासभर जळते, 20 फूट लख्ख आणि पुढे 20 फूट अंधुक उजेड देते. कंदील 30 आणि 30, एका कुपीवर सहा तास, आणि झाकण खाली ओढलं की उजेड पाच फुटांपुरता अंधुक राहतो. तीन कुप्या आणि कंदील मिळून 5 पाउंडांत 18 तास. दहा मशाली म्हणजे 10 पाउंडांत 10 तास. मी कंदिलाची बाजू जोरात लावून धरली आणि काकांच्या गाठोड्यातल्या दहा मशालींची थट्टाही केली. हे लक्षात ठेवा.

पाण्याचा हिशेब लोक विसरतात. नियमाने माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागतं आणि छागलीत मावतं त्याच्या निम्मं. एकाच छागलीवर निघालात तर दर दिवशी थकव्याविरुद्ध फासा टाकत बसाल. तिने दोन छागली घेतल्या, 10 पाउंड. शिधा पाच दिवसांचा: दोन जायला, दोन यायला, एक आत. अंथरुणाऐवजी चार पाउंडांनी हलकी घोंगडी. सॅक आणि चकमकीची पेटी धरून, पण कंदील-तेल अजून न घेता, 49 मोहरा आणि 6 चांदी उरली.

जखमेवरचं जादूचं औषध, पोशन, 50 मोहरांना. चार चांदी कमी.

"खंजीर नको घेऊ, दोन मोहरा वाचतील," मित्र म्हणाला. मग दोर, कंदील, काहीच येणार नव्हतं. तिने कर्ज विभागाच्या थंडपणाने तो विषय बंद केला आणि 5 मोहरांची प्रथमोपचाराची थैली घेतली. ती दहा वेळा वापरता येते. मरणाच्या दारात पडलेल्याला फासा न टाकता स्थिर करते, पण उठवत नाही. तीन पाउंड.

दोराच्या वेळी म्हाताऱ्याचं वाक्य बायकोला आठवलं. काकांच्या गाठोड्यातला दोर 50 फुटांचा, खाण दहा पुरुष. बहिणीने आणखी 50 फूट घेतला, एक मोहर. मित्राने सिंहगडाच्या घोरपडीचा भाव विचारला. मी यादीत नाही म्हटलं. हातोडा आणि सहा मेखा मिळून एक मोहर तीन चांदी, पहार दोन मोहरा. दोर आणि पहार काकांच्या पाठीवर गेली, त्याबदल्यात त्यांनी पाच दिवसांचा शिधा काढून टाकला. कंदील विझार्डकडे गेल्यावर बहिणीच्या अंगावर सुमारे 76 पाउंड राहिले. मर्यादेच्या आत, चाल 30. कनवटीला बरोब्बर 35 मोहरा शिल्लक.

"शिल्लक असलेली बरी," ती म्हणाली. मी मान डोलावली. आम्ही दोघंही चुकलो होतो.

पहिल्या रविवारी दोन दिवसांची चाल दहा मिनिटांत आटोपली. खाणीच्या तोंडाशी काकांनी मेखा ठोकल्या, दोन्ही दोर एकमेकांना बांधले. पहिलं कोण उतरणार? सगळ्यांत जास्त एसी बहिणीचा, ढालीसकट 17. ती निघाली.

उतरायला दोन्ही हात लागतात. मग ढाल? पाठीवर. आणि ढाल चढवायला पूर्ण एक कृती लागते, म्हणजे लढाईतली अख्खी एक पाळी. एसी 17 म्हणून जिला पुढे धाडलं, ती तळाशी पोचली 15 घेऊन. टेबलावर तेवढे सगळे हात मोजले होते, पण दोरावरचे हात मोजायचे राहून गेले.

दुसरी चूक माझी. विझार्ड विहिरीच्या काठावर कंदील धरून उभा होता. 30 फूट लख्ख, पुढचे 30 अंधुक, म्हणजे तळाला जेमतेम उजेड. पण तळाशी आडवा बोगदा होता आणि बोगद्यात वरचा उजेड वळून जात नाही. आत चार कोबोल्ड, ज्यांना अंधारात 60 फूट दिसतं. दोघांनी काळोखातून गोफणी चालवल्या, दोघं खंजीर घेऊन धावले. न दिसणाऱ्याचा नेम नियमानेच जास्त चांगला बसतो, आणि कोबोल्ड जोडीने आले की जवळच्यांचाही.

तिने ढाल चढवली नाही. "एक पाळी वाया घालवू?" म्हणून भालाच चालवला आणि एकाला आडवं केलं, फासा तीनचा पडला तरी 8. दुसऱ्या फेरीत दम घेऊन पाच हिट पॉइंट परत मिळवले. तिसऱ्या फेरीत ती कोसळली.

वर गोंधळ. काका म्हणाले, "मशाल टाका खाली!" आणि खरंच, हे पहिल्याच क्षणी करायला हवं होतं. कंदील खाली टाकला तर फुटतो, तेल सांडतं. पेटवलेली मशाल दगडावर पडून तशीच जळत राहते, किंमत एक तांबं. मी जिची थट्टा केली होती ती मशाल खाली जाताच बोगद्याचं तोंड उजळलं आणि वरून बाण नेमाने लागू लागले. तोवर बहिणीचा मरणाविरुद्धचा पहिला फासा हुकला होता.

काका दोरावरून अर्ध्यापर्यंत उतरले आणि मग मला म्हणाले, "मी चिडतो आणि उडी मारतो." बार्बेरियन चिडला की आदळण्याचा मार निम्मा होतो आणि पडण्याचा मार हा आदळण्याचाच मार. तीस फुटांवरून तीन फासे, 11 आले, निम्मे 5. नियमात पूर्ण बसतं. मला हरकत घ्यायची होती, पण टेबलावर सगळे टाळ्या वाजवत होते. उरलेले कोबोल्ड एकदा काकांकडे पाहून पळाले.

पाठोपाठ बायको उतरली आणि बहिणीच्याच सॅकमधली थैली काढून तिला स्थिर केलं. पाच मोहरांची थैली वसूल. पण स्थिर म्हणजे जागं नव्हे. एक ते चार तासांनी शुद्ध येते, एका हिट पॉइंटसह. फाशावर तीन आला. तीन तास चौघं खाणीच्या तळाशी, अर्धी कुपी तेल जळतंय, बोगद्याच्या आतून भुंकल्यासारखे आवाज येतायत, आणि पळालेले कोबोल्ड घरी जाऊन सांगतायत. मी त्या तीन तासांत त्यांना आत दोन सापळे लावू दिले. डीएमचं ते कामच आहे.

या तीन तासांत बहिणीला खेळायला काही नव्हतं, म्हणून ती सगळ्यांच्या कॅरेक्टर शीट चाळत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, तुमच्याकडे किती मोहरा उरल्यात?"

"आठ."

"वहिनी?"

"सहा."

मित्राकडे चार. तिच्या 35. एकूण 53. पोशन 50 ला.

चार बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक दोन, म्हणजे सरासरी सात हिट पॉइंट देणारी ती एक बाटली काकांच्या कमरेला असती, तर बहीण पुढच्याच पाळीला उभी राहिली असती. बाटली पाजायला एक कृती लागते. (2024 च्या सुधारित नियमांत तर हे काम बोनस कृतीत, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीत, होतं.) चौघांनी आपापली यादी आपापल्या कागदावर केली, आणि खाणीच्या तळाशी, जिथे एकही दुकान नाही, तिथे 53 मोहरा घेऊन बसले. थैली घ्यायची नव्हती असं मी म्हणणार नाही, तिनेच जीव वाचवला. पण थैली एकटीच्या पैशातून आणि बाटली सगळ्यांच्या पैशातून, दोन्ही बसत होतं. वजनही अर्धाच पाउंड. मी ते सगळं नीट जमवून देत होतो, हात मोजत होतो, आणि चार पाकिटं एकत्र उपडी करायला सांगायचं मलाच सुचलं नाही.

बाकी यादीचं काय झालं ते थोडक्यात. पहार दुसऱ्या रविवारी एका अडकलेल्या दाराला लागली आणि ज्या कामात तरफ चालते तिथे दोन फाशांतला वरचा आकडा मिळतो, तो मिळाला. बरच्यांपैकी एकच वापरली. खंजीर भाकरी कापायला, हे तिचेच शब्द. घोंगडी जखमीखाली अंथरली. एक दिवसाचा शिधा परत आला. दुसरी छागल सापळ्यात फाटली, तरी पहिली होती. सदऱ्याची शांतता एकदाही उपयोगी पडली नाही, कारण काका बरोबर होते.

ज्यांना ही गणितं स्वतः करून पाहायची आहेत त्यांना पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. जानेवारी 2023 पासून पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, सामानाच्या किमती आणि वजनांसकट, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट उपलब्ध आहेत.

खाणीतून चांदीच्या विटा घेऊन मंडळी गावात परतली, तेव्हा दुकानात जाण्याआधी बहिणीने लॅपटॉप उघडला. तिने चौघांची मिळून एकच शीट केली होती. वस्तू, किंमत, वजन, कोणाच्या पाठीवर. शेवटून दुसरा रकाना होता "कोणत्या हातात", आणि त्याच्या पुढे आणखी एक, "दोरावर असताना कुठे". ढालीपुढे तिने लिहिलं होतं: काकांकडे, दोराला बांधून आधी खाली. त्याच्या खाली एक ओळ मशालींची, संख्या 12. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "दादा, या कोण धरणार विचारू नकोस. या टाकायला आहेत."